दुकानाचा कचरा आणि दुकानदाराचा धर्म

व्यवसायातून निघणारा कचरा घरगुती कचऱ्यापेक्षा वेगळा असतो. भाजीबाजारातून पाला निघतो, रसवंतीतून उसाची चिपाडे, शहाळ्यांच्या गाडीवरून टरफले, शिंप्याकडून चिंध्या, छापखान्यातून कागदाच्या कातरणी, किराणा दुकानातून खोकी, खानावळीतून खरकटे. घरच्या बादलीत सगळ्याची सरमिसळ असते आणि ती बादली कोणाची हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. धंद्याचा कचरा बहुधा एका जातीचा असतो, रोज त्याच वेळी निघतो आणि त्याचा उगम नजरेसमोर असतो. शहराचे नियम घराआधी दुकानाच्या उंबऱ्यावर पोहोचतात याचे हे एक कारण आहे. दुकानाला पत्ता असतो, परवाना असतो आणि दंडाची पावती फाडायला समोर माणूस असतो.

हे नियम व्यावसायिकाकडून मुख्यतः तीन गोष्टी मागतात. कचरा वेगळा करावा, ठरलेल्या व्यवस्थेच्या हवाली करावा आणि त्यासाठी पैसे मोजावेत. वरवर पाहता हा प्रशासनाचा विषय आहे. त्याच्या तळाशी मात्र एक जुना नैतिक प्रश्न आहे. वस्तू हातावेगळी केली की तिच्याबद्दलचे कर्तव्यही संपते का? आणि संपत नसेल, तर ते कर्तव्य बनवणाऱ्याचे, विकणाऱ्याचे, वापरणाऱ्याचे की उचलणाऱ्याचे? धर्मशास्त्रकारांनी, रोमन कायदेपंडितांनी, यहुदी आचार्यांनी आणि जैन मुनींनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने दिलेली आहेत. आजच्या नियमांतले न्याय आणि अन्याय त्या उत्तरांशेजारी ठेवून पाहिले तर अधिक स्पष्ट दिसतात.

भारतातील आजच्या नियमांचा उगम अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेत आहे. त्यातून पुढे २००० चे नागरी घनकचरा नियम आले. त्या नियमांत मुख्य भार नगरपालिकांवर होता. नागरिकाने कचराकुंडीपर्यंत जावे, पुढचे पालिकेने पाहावे, अशीच तोवरची रीत होती. ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हा भार कचरा निर्माण करणाऱ्याकडे सरकवला. ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत कचरा वेगळा करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरले. सेवेसाठी शुल्क भरणे बंधनकारक झाले. रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापना ‘मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारे’ या वर्गात आल्या आणि त्यांत हॉटेले, रुग्णालये, बाजारपेठा यांच्याबरोबर प्रार्थनास्थळेही होती. हॉटेले आणि उपाहारगृहांनी ओल्या कचऱ्याचे शक्य तोवर स्वतःच्या आवारातच खत किंवा बायोगॅस करावे, असे सांगितले गेले. रस्त्यावरच्या विक्रेत्यालाही नियमाने सोडले नाही. उष्ट्या पत्रावळी, कप, वेष्टने, नारळाच्या करवंट्या यांसाठी त्याने योग्य भांडे जवळ ठेवावे, अशी तरतूद त्यात आली. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये हाच विचार पुढे नेला आणि २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांनी २ ऑक्टोबरपासून ओला कचरा आपल्या आवारातच जिरवावा, असे फर्मावले. त्या वेळी बराच विरोध झाला. पालिका कर घेते, मग कचरा उचलणे हे तिचेच काम, असा आक्षेप होता. तो आक्षेप खोटा नव्हता, पण अपुरा होता. का, ते पुढे पाहू.

आधी या नियमांचा छोट्या व्यवसायांवर होणारा परिणाम. नियम कागदावर सर्वांना सारखा असतो, पण जागा, वेळ आणि पैसा हे तिन्ही सर्वांकडे सारखे नसतात. मोठ्या हॉटेलच्या मागच्या अंगणात खताचे यंत्र बसते. ज्या गाळ्यात दोन माणसे एका वेळी वळू शकत नाहीत, तिथे तीन वेगळ्या बादल्या कुठे ठेवायच्या हाच प्रश्न असतो. घंटागाडी बहुधा सकाळी येते, तर बरीच दुकाने त्यानंतर उघडतात आणि त्यांचा कचरा रात्री शटर खाली ओढताना तयार असतो. रात्री तो बाहेर ठेवला तर दंड, आत ठेवला तर उंदीर आणि वास. खानावळीच्या खरकट्याला उन्हाळ्यात सकाळपर्यंत थांबता येत नाही. यंत्राचा, विजेचा, माणसाचा खर्च मोठे हॉटेल रोजच्या शेकडो बिलांवर वाटून टाकते. दहा टेबलांच्या उपाहारगृहाला तो थाळीच्या भावातच मिळवावा लागतो आणि शेजारचा नियम पाळत नसेल तर तेवढाही भाव वाढवता येत नाही. नियम पाळणाराच तोट्यात जावा, ही स्थिती कोणत्याही नियमाला आतून पोखरते. म्हणून अंमलबजावणीतली ढिलाई ही प्रामाणिक व्यावसायिकावर लादलेली शिक्षाच असते.

आता जुनी उत्तरे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरप्रमुखाच्या कर्तव्यांचा एक अध्याय आहे. रस्त्यावर माती-धूळ टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग, चिखलपाणी तुंबवणाऱ्याला पाव पण आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट, असे दंड त्यात सांगितले आहेत. दंड जागेच्या सार्वजनिकतेनुसार वाढतो, हे यातले लक्षणीय तत्त्व. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातली तरतूद अधिक विचार करायला लावते. संकट नसताना जो राजमार्गावर घाण टाकतो त्याने दोन कार्षापण द्यावेत आणि ती घाण लगेच साफही करावी, असे तिथे म्हटले आहे. अडचणीत सापडलेला, वृद्ध, गर्भवती किंवा मूल असेल तर दंड नाही, केवळ समज द्यावी. घाण साफ झालीच पाहिजे, हे मात्र सुटत नाही. दंड आणि साफसफाई ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, दंड माणसाची परिस्थिती पाहून माफ होऊ शकतो, पण जागा पूर्ववत करण्याचे कर्तव्य पैशांनी फिटत नाही, असा भेद या दोन श्लोकांत सरळ केलेला आहे. आजच्या बऱ्याच उपविधींत तो इतका स्वच्छ दिसत नाही.

रोमन कायद्यात, इसवी सन ५३३ मध्ये जस्टिनियनच्या आज्ञेने संकलित झालेल्या डायजेस्टमध्ये, इमारतीतून रस्त्यावर काही फेकले वा ओतले गेल्यास त्या जागेत राहणाऱ्याने नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी असे आहे. प्रत्यक्ष कोणी फेकले याची चौकशी तिथे गौण ठरते. लोकांना रस्त्यावरून निर्भयपणे जाता-येता यावे, हे सर्वांच्या हिताचे आहे, एवढे कारण त्या पंडितांना पुरेसे वाटले. इसवी सन २०० च्या सुमारास रचल्या गेलेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात तर थेट व्यवसायाच्या कचऱ्याचा विचार आहे. खत व्हावे म्हणून कोणी काड-भुसा रस्त्यावर पसरला आणि त्यात कोणाला इजा झाली तर पसरणारा जबाबदार, आणि तो काड-भुसा जो आधी उचलेल त्याचा. सार्वजनिक जागेवर टाकलेल्या मालावरचा हक्क जातो, दायित्व मात्र राहते. याच विषयावर तालमुदात एक गोष्ट येते. एक माणूस आपल्या शेतातले दगड रस्त्यावर टाकत होता. एका सत्पुरुषाने त्याला विचारले की जी जागा तुझी नाही तिथले दगड तू तुझ्या जागेत का टाकतोस? तो हसला. पुढे शेत विकावे लागले आणि त्याच रस्त्याने जाताना आपल्याच दगडांना ठेचकाळल्यावर त्याला त्या बोलण्याचा अर्थ कळला. मालमत्ता आज आहे, उद्या नाही. रस्ता कायम सर्वांचा, म्हणून आपलाही.

जैन परंपरेने हा विचार आणखी सूक्ष्म केला. मुनींच्या पाच समितींपैकी पाचवी, उत्सर्ग समिती, टाकण्याच्या क्रियेबद्दलच आहे. मलमूत्र किंवा निरुपयोगी झालेली वस्तू टाकताना जागा नीट पाहावी, तिथल्या जीवांना इजा होणार नाही अशी काळजी घ्यावी, हा तिचा आशय. बोलणे, चालणे, भिक्षा घेणे या क्रियांच्या बरोबरीने टाकणे ही एक नैतिक क्रिया मानली गेली, हे या परंपरेचे मोठे योगदान आहे. हे व्रत मुनींसाठी आहे आणि दुकानदाराकडून मुनीची अपेक्षा करता येत नाही. पण टाकताना लक्ष असावे लागते, एवढा भाग गृहस्थालाही लागू होतो.

या जुन्या विचारांपैकी बहुतेकांमध्ये एक गृहीतक आहे. कचरा टाकणे हा अपराध किंवा निदान निष्काळजीपणा आहे, असे ते धरून चालतात. आधुनिक शहरातल्या व्यवसायाला हे चपखल बसत नाही. खानावळ चालली की खरकटे निघणारच. शिंपी कितीही काटकसरीने कापड बेतो, चिंध्या उरणारच. इथे दोष कोणाचाच नाही, तरी भार आहे. मग कर्तव्याचा आधार कोणता?

याचे सर्वात उपयोगी उत्तर विनोबांच्या विचारात सापडते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. सतराव्या अध्यायाच्या विवेचनात ते यज्ञ, दान आणि तप यांचा अर्थ नव्याने लावतात. माणूस जन्मतःच सृष्टी, समाज आणि शरीर या तिघांशी बांधलेला आहे. त्यांचा वापर केल्याशिवाय जगता येत नाही आणि वापर केला की झीज होते. सृष्टीची झालेली झीज भरून काढणे हा यज्ञ. पीक घेतल्याने जमिनीचा कस गेला तर तिला खत द्यावे, वापराने जे मलिन झाले ते शुद्ध करावे. या मांडणीत पाप केंद्रस्थानी नाही. वापरातून ऋण उत्पन्न होते आणि ते फेडायचे असते, इतकेच. २०१६ च्या नियमांनी हॉटेलला ओल्या कचऱ्याचे खत करायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात विनोबा नसतील, पण त्या तरतुदीचे नैतिक समर्थन याहून चांगले देता येत नाही. शेतातून आलेला कस शेताकडे परत जातो. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार, की ज्या व्यवहाराचा खर्च तिसऱ्यावर पडतो त्यावर कर लावून तो खर्च व्यवहारातच परत आणावा, याच दिशेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगांविषयीच्या निकालात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. पण पिगू यांच्या मांडणीत पैसे भरले की हिशेब पुरा होतो. विनोबांच्या मांडणीत झीज प्रत्यक्ष भरून यावी लागते.

हा फरक दुकानाच्या पातळीवर फार व्यावहारिक आहे. शुल्क भरणाऱ्या व्यावसायिकाला वाटते की पैसे दिले, आता वेगळे करण्याचे काम घेणाऱ्याचे. दंड आणि किंमत यांची अशी गल्लत मनात कशी होते, हे हायफा शहरातल्या पाळणाघरांच्या अभ्यासातून दिसले आहे. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड काढून टाकल्यावरही तो वाढलेलाच राहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की दंड आल्यावर उशीर ही विकत घेता येणारी सोय झाली. कचऱ्याच्या शुल्काचेही तसे होऊ शकते. श्रीमंत आस्थापना कचरा वेगळा न करण्याची मुभा दंड भरून विकत घेते, गरीब दुकानदाराला तोच दंड आठवड्याच्या कमाईचा फटका बसवतो आणि कचरा दोन्हीकडे मिसळलेलाच राहतो.

शिवाय वेगळे करणे हे काम मुळातच पुरते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. फुटलेला ग्लास कोणत्या बादलीत जातो, हे तो टाकणाऱ्या हाताच्या एका क्षणात ठरते. एकदा आमटीत भिजलेला कागद रद्दीच्या भावाला मुकतो. खतात शिरलेली काच शेतकऱ्याच्या पायात जाते. नंतर कितीही माणसे आणि यंत्रे लावली तरी तो क्षण परत मिळत नाही. म्हणून वाहतूक विकत घेता येते, प्रक्रिया विकत घेता येते, पण टाकतानाचे लक्ष विकत घेता येत नाही. पालिका कर घेते तर कचऱ्याचे सगळे तिनेच पाहावे, हा आक्षेप इथे अपुरा पडतो. करातून पालिकेचे कर्तव्य उत्पन्न होते, टाकणाऱ्याचे नष्ट होत नाही.

निर्माल्याच्या बाबतीत हे लक्ष समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दिलेले आहे. देवाला वाहिलेले फूल खरकट्याच्या बादलीत कोणी टाकत नाही. शैव परंपरेत शिवाच्या निर्माल्यावर चंडेश्वराचा अधिकार मानला जातो. उतरवलेल्या फुलालाही स्थान आणि धनी आहे, असा त्याचा अर्थ घेता येतो. नदीत निर्माल्य सोडण्यामागेही त्याचा अनादर होऊ नये हीच भावना होती. प्रमाण वाढले आणि हाराबरोबर दोरा, जर, प्लास्टिक पाण्यात जाऊ लागले तेव्हा तो मार्ग सदोष झाला. घाटांवर ठेवलेले निर्माल्य कलश आणि निर्माल्याचे वेगळे खत हा त्या भावनेला धक्का न लावता निघालेला तोडगा आहे. मंदिराबाहेरच्या फूलविक्रेत्याने हारात प्लास्टिक ओवले नाही तर त्या खताचे निम्मे काम त्यानेच केलेले असते. व्यवसायाच्या कचऱ्यातला हा बहुधा एकच प्रकार, जिथे धर्मभावना आणि नियम एकाच गोष्टीची मागणी करतात. त्याचा उपयोग महापालिकांनी आजवर केला त्याहून खूप जास्त करता येईल.

छोटा आणि मोठा यांच्यातला न्याय हा यापुढचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिने कैद, असे तिचे स्वरूप होते. कारखान्यातच भरून येणाऱ्या मालाच्या वेष्टनाला सवलत होती. किराणा दुकानदार मात्र गोणीतली डाळ-साखर प्लास्टिकमध्ये बांधून देऊ शकत नव्हता. एकाच फळीवर कंपनीचे बंद पाकीट कायदेशीर आणि दुकानदाराने बांधलेली पुडी बेकायदेशीर, अशी स्थिती आली. किरकोळ व्यापाऱ्यांनी तक्रार केल्यावर जूनअखेर काही अटींसह त्यांना सूट मिळाली. सूट दिल्याने पर्यावरणाचे भले झाले असे नाही. पण तक्रारीतला मुद्दा खरा होता. ज्याला शोधणे सोपे त्याच्यावर नियम आधी पडला आणि ज्याच्या हातात वेष्टनाचा निर्णय होता त्याला तो उशिरा आणि हलका लागला.

इथे एक कसोटी सुचते आणि ती या लेखाचा मुख्य आग्रह आहे. कर्तव्य दोन प्रकारचे मानावे. टाकतानाचे लक्ष प्रत्येकाचे, मग तो पंचतारांकित हॉटेलचा मालक असो वा वडापावच्या गाडीवाला. ते गरिबीमुळे सुटत नाही, कारण त्याला पैसे लागत नाहीत. भरपाईचा, यंत्राचा आणि खर्चाचा भार मात्र त्याच्यावर, ज्याच्या निर्णयाने कचरा कमी होऊ शकतो आणि ज्याला त्या निर्णयातून नफा होतो. मनुस्मृतीतला तो भेद, म्हणजे साफसफाई सर्वांना आणि दंड सामर्थ्य पाहून, या कसोटीच्या फार जवळ आहे. गाडीवाल्याने बादली ठेवावी. ती रिकामी करण्याची जागा आणि वेळ त्याच्या धंद्याला जुळेल अशी ठेवणे ही पालिकेची जबाबदारी. चटणीचे पाकीट परत घेता येणार नाही अशा बहुपदरी प्लास्टिकचे करायचे की नाही, हे मात्र त्या दोघांच्याही हातात नाही. २०१६ च्या नियमांनी वेष्टन वापरणाऱ्या उत्पादकांनी स्थानिक संस्थांना अर्थसाह्य द्यावे असे म्हटले होते. विक्रेत्यावर दंडाची पावती ज्या तत्परतेने फाटते, त्या तत्परतेने हे साह्य शहरांच्या खात्यात आलेले दिसले नाही.

पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांनी हा विचार कृतीने मांडला. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा, दुकानांचा कचरा गोळा करू लागली. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात म्हणून या स्त्रियांनी ते गोळा करून उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम केली. बनवणाऱ्याचे कर्तव्य विक्रीपाशी संपत नाही, हे तत्त्व याहून थेट मांडता आले नसते.

या स्त्रियांच्या निमित्ताने धर्मविचारातली सर्वात दुखरी जागा समोर येते. ज्या मनुस्मृतीने घाण करणाऱ्यानेच ती साफ करावी असे सांगितले, तिनेच दहाव्या अध्यायात काही माणसांना गावाबाहेर ठेवून फुटकी भांडी आणि प्रेतांवरची वस्त्रे वापरायला लावली. राजमार्गावरची घाण हे कृत्य होते, ते फेडता येत होते. गावकुसाबाहेरच्या माणसाची ‘अशुद्धी’ जन्माची ठरवली, ती कशानेही फिटत नव्हती. याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात शेतात पडून राहिलेले दाणे आणि कणसे वेचून जगणे ही ब्राह्मणाची उत्तम वृत्ती मानली आहे. इतरांनी टाकलेले वेचून जगण्याचे कर्म एकाच्या हातात तप आणि दुसऱ्याच्या हातात विटाळ ठरते, तेव्हा निर्णय कर्मावरून होत नसून जन्मावरून होतो आहे, हे उघड आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या पुस्तकात दाखवून दिले की जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच, आणि तीही उतरंडीची, विभागणी आहे. शहराच्या कचऱ्याची व्यवस्था आजही मोठ्या प्रमाणात त्या उतरंडीवर उभी आहे. दुकानदार कचरा मिसळून देतो तेव्हा तो वेगळा करण्याचे काम नाहीसे होत नाही, ते उतरंडीच्या तळाशी जाते. गाडगेबाबा गावात आल्यावर कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडत, त्याचे महत्त्व स्वच्छतेपुरते नाही. झाडण्याचे काम जन्माने ठरत नाही, हे ते हजारोंसमोर करून दाखवत होते.

नियमांचा परिणाम वेचणाऱ्यांच्या हक्कावरही होतो. बायबलच्या लेवीय ग्रंथात शेताच्या कडेचे पीक आणि सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा अशी आज्ञा आहे. महाराष्ट्रातही सुगीनंतर सरवा वेचू देण्याची रीत खेड्यांत होती. शहरातली खोकी, बाटल्या, पत्रा हा दुकानांचा सरवाच आहे. पालिका सगळा कचरा एका ठेकेदाराची मालमत्ता ठरवून बंद गाडीत घालते, तेव्हा शहर स्वच्छ दिसते आणि वेचणारीची मिळकत जाते. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले ते यामुळेच. ज्या दुकानदाराकडून ठरलेली कचरावेचक स्त्री रोज सुका कचरा नेते, त्याला नियम पाळणेही स्वस्त पडते. इथे छोट्या व्यवसायाचे आणि वेचणारीचे हित एकच आहे.

कचऱ्याचा शेवटचा मुक्काम मात्र दोघांच्याही नजरेआड असतो. मुंबईचा कचरा देवनारला १९२७ पासून साठत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पडला. विहिरींचे पाणी बिघडले, गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या आणि दर वेळी शहरात चार दिवस ढीग दिसले. त्या गावांनी पुण्याच्या हॉटेलांत जेवण केले नव्हते की तिथल्या बाजारातून नफा मिळवला नव्हता. विनोबांच्या भाषेत शहराने केलेली झीज दुसऱ्याच्या जमिनीवर चढत गेली, आणि तालमुदातले दगड इथे टाकणाऱ्याच्या पायाला न लागता शेजाऱ्याच्या पायाला लागले. हॉटेलाने आवारातच खत करावे, बाजाराने पाला तिथेच जिरवावा, ही सक्ती व्यावसायिकाला जाचक वाटते तेव्हा तिच्या दुसऱ्या पारड्यात ही गावे असतात. ज्या छोट्या दुकानांकडे आवारच नाही त्यांच्यासाठी प्रभागात सामायिक खतप्रकल्प किंवा बायोगॅस संयंत्र उभारणे, रात्री दुकाने बंद होताना गाडी पाठवणे आणि शुल्क दुकानाच्या पाटीवरून न ठरवता कचऱ्याच्या वजनावरून व वेगळेपणावरून ठरवणे, हे पालिकेच्या हातात आहे. नियमातल्या ‘शक्य तोवर’ या सवलतीचा लाभ कोणाला द्यायचा, हे त्यानंतरच न्यायाने ठरवता येईल.